प्रवेगी वाहनाची शक्ती

वेग वाढवीत जाणाऱ्या वाहनाच्या चाकांवर एकक काळात जे कार्य घडते, त्यास त्या वाहनाची त्या क्षणीची शक्ती म्हणतात. सायकल, मोटारगाडी, ट्रॅक्टर किंवा आगगाडी यांपैकी कोणत्याही वाहनाला प्रवेग (त्वरण) देताना तीन गोष्टींसाठी शक्ती खर्च होते : वाहनाची गतिज ऊर्जा वाढविणे, हवा आणि घर्षण यांच्या रोधावर मात करणे व रस्ता चढाचा असल्यास वाहनाचे वजन वर उचलणे. भौतिकीच्या प्राथमिक पाठ्यपुस्तकांत यांपैकी पहिल्याच बाबीचा विचार करून शक्तीची एकच संख्या काढण्यात येते. प्रत्यक्षात प्रवेगी वाहनाची शक्ती क्षणाक्षणाला बदलू शकते. तसेच एंजिनावर नमूद केलेली शक्ती प्रत्येक वेगाला वापरता येतेच असे नाही. या दोन गोष्टींकडे दुर्लक्ष झाल्यास हिशेबात दुपटीची चूक होऊ शकते आणि चढावर गाडी अडकून पडण्याचा प्रसंगही येऊ शकतो. पूर्व महाराष्ट्रातील गोंदिया हे मुंबई–हावडा लोहमार्गावरील महत्त्वाचे प्रस्थानक असून तेथून पूर्वेकडे आमगाव, सालेकसा व दरेकसा या स्थानकांवरून जाणारा मार्ग सपाट प्रदेशातून डोंगराळ प्रदेशात शिरतो. त्यामुळे या विषयाची सर्व अंगे या मार्गावरील गाड्यांच्या उदाहरणाने स्पष्ट करता येतात.

मूळ संकल्पना व एकके : एखाद्या प्रेरणेमुळे (बलामुळे) वस्तू प्रेरणेच्या दिशेने सरकली, तर प्रेरणा व सरकलेले अंतर यांचा गुणाकार म्हणजे कार्य होय. कार्य होण्याच्या त्वरेस शक्ती म्हणतात. यावरून शक्तीची दोन रूपे मिळतात. एकूण कार्याला एकूण काळाने भागल्यास सरासरी शक्ती मिळते. एखाद्या क्षणीची प्रेरणा (प्रे) व त्याच क्षणीचा वेग (वे) यांचा गुणाकार केल्यास तात्कालिक शक्ती (श) मिळते, म्हणजेच श = प्रे × वे. प्रेरणा न्यूटनमध्ये व वेग मी./से. मध्ये घेतल्यास शक्ती वॉटमध्ये येते. एका सेकंदात एक जूल कार्य होत असेल, तर शक्ती एक वॉट असते. १,००० वॉट म्हणजे एक किलोवॉट होय.

वॉट हे एकक स्कॉटिश अभियंते जेम्स वॉट (१७३६–१८१९) यांच्या नावावरून आले आहे. आपले वाफ एंजिन किती घोड्यांचे काम करील, हे गिऱ्हाइकांना समजावे म्हणून त्यांनी अश्वशक्ती हे एकक प्रचारात आणले. मिनिटाला ३३,००० फूट-पौंड कार्य म्हणजे एक अश्वशक्ती असे त्यांनी ठरविले. ही ब्रिटिश अश्वशक्ती सु. ७४६ वॉट, तर मेट्रिक अश्वशक्ती सु. ७३५·५ वॉट इतकी भरते. वाहनांच्या माहितीपत्रकांत दोन्ही आढळतात, म्हणून हिशेब सुरू करण्यापूर्वी कोणती अश्वशक्ती अभिप्रेत आहे ते पाहणे आवश्यक असते. त्याचप्रमाणे वेग किमी./तास मध्ये दिलेला असल्यास त्याला ३·६ ने भागून तो मी./से. मध्ये आणावा लागतो.

सरासरी व तात्कालिक शक्ती : १,००० किग्रॅ. द्रव्यमानाची (वस्तुमानाची) एक मोटारगाडी स्थिर अवस्थेपासून निघून सपाट रस्त्यावर १० सेकंदांत ७२ किमी./तास, म्हणजे २० मी./से., इतका वेग गाठते असे मानू व तूर्त रोध विचारात घेऊ नये. द्रव्यमान व वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मी गतिज ऊर्जा असते. ती येथे २,००,००० जूल होते. तिला १० सेकंदांनी भागल्यास सरासरी शक्ती २० किलोवॉट (सु. २७ अश्वशक्ती) मिळते.

आता प्रवेग सर्व वेळ सारखाच राहिला असे धरू. वेग दर सेकंदाला २ मी./से. ने वाढतो, म्हणून प्रेरणा २,००० न्यूटन असते व तीही कायम राहते. परंतु वेग वाढत असल्याने प्रेरणा व वेग यांचा गुणाकारही वाढत जातो. पहिल्या सेकंदाच्या अखेरीस शक्ती ४ किलोवॉट, पाचव्या सेकंदाच्या अखेरीस २० किलोवॉट व दहाव्या सेकंदाच्या अखेरीस ४० किलोवॉट होते. अखेरची शक्ती सरासरीच्या बरोबर दुप्पट असते. स्थिर प्रवेगाने स्थिर अवस्थेपासून निघालेल्या कोणत्याही वाहनाच्या बाबतीत, रोध वगळल्यास, हेच प्रमाण येते. यामुळे ‘गाडीची शक्ती किती?’ या प्रश्नाला २० व ४० किलोवॉट अशी दोन उत्तरे येतात आणि ती दोन्ही आपापल्या अर्थाने बरोबर असतात. सरासरी शक्ती विचारली असल्यास पहिले आणि अखेरच्या क्षणीची शक्ती अथवा असा प्रवेग देण्यास लागणाऱ्या एंजिनाची किमान शक्ती विचारली असल्यास दुसरे उत्तर द्यावयास हवे. २० किलोवॉटचे एंजिन या गाडीला दहाही सेकंद स्थिर प्रवेग देऊ शकणार नाही. पाचव्या सेकंदानंतर ते कमी पडू लागेल.

स्थिर शक्तीने होणारी गती : एंजिन सर्व वेळ २० किलोवॉट इतकीच शक्ती देत राहिले, तरीही तीच गाडी १० सेकंदांत २० मी./से. वेग गाठते, कारण तिला मिळालेली एकूण ऊर्जा तितकीच असते. मात्र तिची गती निराळ्या प्रकारची असते. उपलब्ध प्रेरणा ही शक्तीला वेगाने भागून मिळत असल्यामुळे वेग कमी असताना प्रवेग मोठा व वेग वाढत जाईल तसा तो कमी होतो. वेग ५ मी./से. असताना प्रवेग दर सेकंदाला ४ मी./से., १० मी./से. असताना २ मी./से. आणि २० मी./से. असताना १ मी./से. येतो. निम्मा वेग गाठण्यास एकूण काळाचा केवळ चौथा भाग, म्हणजे अडीच सेकंद, पुरतात व उरलेला निम्मा वेग मिळविण्यास साडेसात सेकंद लागतात. स्थिर प्रवेगाच्या गतीत १० सेकंदांत १०० मी. अंतर कापले जाते, तर स्थिर शक्तीच्या गतीत ते सु. १३३ मी. भरते. गाडी आरंभी झटकन वेग घेते, पण पुढे जाणाऱ्या वाहनाला मागे टाकताना तीच गाडी मंद वाटते, हा चालकांचा नेहमीचा अनुभव असतो. त्याचे मूळ कारण हेच आहे.

पकडीची मर्यादा : वरील सूत्रानुसार वेग शून्य असताना स्थिर शक्तीच्या वाहनाला अनंत प्रेरणा मिळावयास हवी. हे शक्य नाही, कारण चाक ज्या पृष्ठभागावर टेकलेले असते त्याच्याशी असलेल्या घर्षणामुळेच वाहन पुढे ढकलले जाते. या घर्षणाला मर्यादा असते. चालक चाकांवर येणारे वजन व घर्षण गुणांक यांच्या गुणाकाराहून अधिक प्रेरणा दिली, तर चाक जागीच घसरत फिरू लागते. कोरड्या डांबरी रस्त्यावर रबरी धावेचा घर्षण गुणांक ०·७ ते ०·८ असू शकतो. पोलादी रुळावर पोलादी चाकाचा गुणांक बहुधा ०·२५ ते ०·३५ असतो व रूळ ओले अथवा तेलकट झाल्यास तो पुष्कळच घटतो. म्हणूनच रेल्वे एंजिनांत चाकांपुढे रुळावर वाळू सोडण्याची सोय केलेली असते. यावरून कोणत्याही शक्तिमान वाहनाच्या प्रवेगाचे दोन टप्पे पडतात. पहिल्या टप्प्यात मर्यादा पकडीची म्हणजे प्रेरणेची असते. दुसऱ्या टप्प्यात ती शक्तीची असते.

रोध व चढ : रोधामुळे खर्च होणारी शक्ती वेगाप्रमाणे जलद वाढते. हवेचा रोध सामान्यतः वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणून त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. वेग दुप्पट झाल्यास ही शक्ती आठपट होते. चढावर गाडीच्या वजनाचा एक घटक तिला मागे ओढतो. १०० मीटर अंतरात १ मी. उंची वाढत असेल, तर त्या चढास १०० त १ चा चढ म्हणतात व अशा चढावर ही मागची ओढ गाडीच्या वजनाच्या शंभरावा भाग असते. मोटारगाडीच्या दृष्टीने हा चढ नगण्य असला, तरी हजारो टन वजनाच्या आगगाडीच्या दृष्टीने तो फार मोठा असतो. तेव्हा पूर्ण समीकरण पुढीलप्रमाणे मांडता येते : चाकांवरील शक्ती = (द्रव्यमान × प्रवेग + रोध + चढाची ओढ) × वेग.

प्रवासी गाडीचे उदाहरण : भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूएपी-७ या विद्युत् एंजिनाचे वजन १२३ टन असून त्याचे सहाही आस चलित्रांनी (मोटरांनी) फिरविले जातात. त्याची शक्ती सु. ६,३५० अश्वशक्ती, म्हणजे सु. ४,७०० किलोवॉट आणि आरंभीची कर्षण प्रेरणा सु. ३२० किलोन्यूटन आहे. ही प्रेरणा एंजिनाच्या वजनाच्या सु. ०·२७ पट असल्याने ती पकडीच्या मर्यादेशी जुळते. एंजिनासह गाडीचे द्रव्यमान १,२०० टन मानू. पुढील हिशेबात रोधाचे आकडे सोयीसाठी पूर्णांकात घेतले आहेत.

गोंदिया स्थानकातून सपाट मार्गावर निघताना रोध ४० किलोन्यूटन धरल्यास गाडीला वेग देण्यासाठी २८० किलोन्यूटन उरतात व वेग दर सेकंदाला सु. ०·२३ मी./से. ने वाढतो. वेग सु. १४·७ मी./से. (५३ किमी./तास) होईपर्यंत प्रेरणा व वेग यांचा गुणाकार एंजिनाच्या पूर्ण शक्तीपेक्षा कमी असतो. म्हणजे सुटल्यानंतरच्या पहिल्या मिनिटभरात एंजिनाची सर्व शक्ती वापरलीच जात नाही. त्यानंतर शक्ती स्थिर राहून प्रेरणा घटू लागते. वेग ३० मी./से. (१०८ किमी./तास) होतो तेव्हा प्रेरणा सु. १५७ किलोन्यूटन उरते. त्यातील ७० किलोन्यूटन रोधात खर्च होत असतील, तर प्रवेगासाठी ८७ किलोन्यूटनच राहतात व प्रवेग आरंभीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होतो.

या गाडीची ३० मी./से. वेगाची गतिज ऊर्जा ५४० मेगॅजूल आहे. तिला ४,७०० किलोवॉटनी भागल्यास ११५ सेकंद, म्हणजे दोन मिनिटांहून कमी काळ मिळतो. दोन्ही टप्प्यांचा वेगवेगळा हिशेब केल्यास हा काळ तीन मिनिटांहून अधिक भरतो. पहिल्या टप्प्यात न वापरलेली शक्ती व रोधात गेलेली ऊर्जा यांमुळे हा फरक पडतो. चाके व चलित्रे यांच्या फिरण्याची ऊर्जा धरल्यास काळ आणखी वाढतो. वेळापत्रक आखताना एका थांब्यामुळे होणारा विलंब हा केवळ गाडी उभी राहण्याच्या दोन मिनिटांचा नसतो, त्यात वेग कमी करण्याचा व पुन्हा मिळविण्याचा काळही मिळवावा लागतो, हे यावरून दिसून येईल.

हीच गाडी १०० त १ चढावर २० मी./से. वेगाने जात असल्यास शक्तीची वाटणी पुढीलप्रमाणे होते. चढाची ओढ सु. ११८ किलोन्यूटन असल्याने तिच्यासाठी सु. २,३५० किलोवॉट लागतात. ५० किलोन्यूटन रोधासाठी १,००० किलोवॉट लागतात. उरलेले सु. १,३५० किलोवॉट वेग वाढविण्याच्या कामी येतात व प्रवेग दर सेकंदाला ०·०६ मी./से. हून थोडा कमी येतो. वेग सु. २६ मी./से. झाल्यावर सर्व शक्ती रोध व चढ यांतच संपते आणि पूर्ण शक्ती देऊनही वेग वाढत नाही. या वेगास त्या चढावरील संतुलन वेग म्हणतात.

मालगाडी व जोड एंजिन : छत्तीसगडातील खाणींचा कोळसा विदर्भाकडे आणणाऱ्या गाड्या दरेकसा परिसरातील डोंगराळ मार्गाने येतात. या भागात लोहमार्ग बोगद्यातून जातो. डब्ल्यूएजी-९ या मालवाहू एंजिनाची शक्ती सु. ६,१२० अश्वशक्ती (सु. ४,५०० किलोवॉट) व आरंभीची कर्षण प्रेरणा सु. ४६० किलोन्यूटन आहे. ५,००० टनांची मालगाडी व १२३ टनांचे एंजिन मिळून सपाट मार्गावर रोध सु. १३० किलोन्यूटन धरला, तर हे एकच एंजिन ती गाडी सावकाश परंतु निश्चितपणे वेगात आणू शकते. परंतु ही गाडी १०० त १ चढावर एखाद्या सिग्नलपाशी उभी राहिली, तर केवळ चढाची ओढच सु. ५०० किलोन्यूटन होते व एंजिनाची कमाल प्रेरणा तिच्याहून कमी पडते. अशा वेळी एंजिनाची शक्ती दुप्पट केली, तरी गाडी हलणार नाही, कारण उणीव शक्तीची नसून प्रेरणेची असते. पावसाने रूळ ओले असल्यास अडचण अधिकच वाढते. अशा मार्गावर गाडीचे वजन मर्यादित ठेवणे अथवा दुसरे एंजिन जोडणे हाच उपाय असतो. हे एंजिन पुष्कळदा मागून लावतात, कारण त्यामुळे पुढच्या डब्यांच्या जोडण्यांवर सर्व ताण येत नाही. दोन एंजिनांची मिळून ९२० किलोन्यूटन प्रेरणा व चढ आणि रोध यांची मिळून सु. ६५० किलोन्यूटन ओढ यांतील फरकाने गाडी निघते. तिचा संतुलन वेग सु. १४ मी./से. (५० किमी./तास) येतो.

बहुएकक गाड्या : गोंदिया–दुर्ग यांसारख्या मार्गांवर थोड्या थोड्या अंतरावर थांबणाऱ्या मेमू गाड्या चालतात. त्यांना वेगळे एंजिन नसून काही डब्यांनाच चलित्रे बसविलेली असतात. रूढ रचनेत दर चार डब्यांत एक चलित्र डबा असतो. त्यामुळे गाडीच्या एकूण वजनाच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक वजन चालक चाकांवर येते. एंजिनाने ओढलेल्या वरील प्रवासी गाडीत हे प्रमाण केवळ दहाव्या हिश्श्याइतके आहे. घर्षण गुणांक ०·२५ धरल्यास पकडीने ठरणारा कमाल प्रवेग बहुएकक गाडीत दर सेकंदाला ०·६ मी./से. च्या आसपास, तर एंजिनाच्या गाडीत ०·२५ मी./से. च्या आसपास येतो. वारंवार थांबणाऱ्या गाड्यांना ही रचना का सोयीची असते, हे त्यावरून समजते.

अरुंदमापी मार्ग : गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारा ७६२ मिमी. रुंदीचा अरुंदमापी मार्ग बंगाल नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या आरंभी बांधला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत टप्प्याटप्प्याने त्याचे रुंदमापी मार्गात रूपांतर झाले. हलके रूळ व छोटे पूल यांमुळे अशा मार्गांवर प्रत्येक आसावर थोडेच वजन टाकता येते. वजन कमी म्हणून पकड कमी, पकड कमी म्हणून आरंभीची प्रेरणा कमी व त्यामुळे गाडीही लहान, असा हा क्रम असतो. केवळ अधिक शक्तीचे एंजिन तयार करून ही मर्यादा ओलांडता येत नाही. मार्गाच्या रूपांतरामुळे जड एंजिने व लांब गाड्या वापरणे शक्य झाले.

एंजिनाची व चाकांवरील शक्ती : मोटारगाडीच्या माहितीपत्रकातील शक्ती ही एंजिनाच्या विशिष्ट फेऱ्यांना मिळणारी कमाल शक्ती असते. फेऱ्या कमी असताना ती मिळत नाही. म्हणून निरनिराळ्या वेगांना एंजिन योग्य फेऱ्यांवर राहावे यासाठी दंतचक्रांची (गिअरांची) योजना केलेली असते. दंतचक्रांमुळे चाकांवरील प्रेरणा वाढविता येते, शक्ती मात्र वाढत नाही. उलट तिचा काही भाग घर्षणात उष्णतेच्या रूपाने वाया जातो. विद्युत् चलित्र स्थिर अवस्थेतही मोठी प्रेरणा देऊ शकते, म्हणून विद्युत् एंजिनात दंतचक्रे बदलण्याची जरूरी नसते.

मापन : चाकांवरील शक्ती मोजण्यासाठी मोटारगाडी रुळांवर (रोलरांवर) उभी करून तिची चाके फिरवितात व रुळांवरील रोधक प्रेरणा आणि त्यांचा वेग मोजतात. पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) या संस्थेत वाहनांच्या अशा चाचण्या होतात. आगगाडीच्या बाबतीत एंजिन व डबे यांच्यामध्ये मापक डबा जोडून ओढ व वेग यांची नोंद घेतात. रोध काढण्याची सोपी रीत म्हणजे सपाट मार्गावर गाडीला वेग देऊन शक्ती बंद करणे व वेग कसा घटतो ते पाहणे ही होय. घटीचा दर व द्रव्यमान यांच्या गुणाकाराने रोध मिळतो.

शालेय पातळीवर हा प्रयोग सायकलने करता येतो. स्वारासह ८० किग्रॅ. द्रव्यमानाच्या सायकलीने ५ सेकंदांत ५ मी./से. वेग गाठल्यास गतिज ऊर्जा १,००० जूल व सरासरी शक्ती २०० वॉट येते. प्रवेग स्थिर असल्यास अखेरची शक्ती ४०० वॉट असते. मागे तांदळाचे ५० किग्रॅ. चे पोते ठेवून तितकीच सरासरी शक्ती लावल्यास तोच वेग गाठण्यास सु. ८ सेकंद लागतात.

मंदन : वेग कमी होत असताना प्रवेग ऋण असतो व गतिज ऊर्जा घटते. साध्या गतिरोधकात (ब्रेकमध्ये) ही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. वर उल्लेखिलेल्या दोन्ही प्रकारच्या विद्युत् एंजिनांत गाडी थांबविताना अथवा उतारावर चलित्रे जनित्राप्रमाणे वापरून विद्युत् शक्ती तारेत परत पाठविता येते. अशा वेळी चाकांवरील शक्ती ऋण असते.

हिशेबाची रीत : प्रवेगी वाहनाच्या शक्तीचे गणित सोडविताना प्रथम विचारलेली शक्ती सरासरी की तात्कालिक, चाकांवरील की एंजिनाची, हे ठरवावे. नंतर सर्व राशी एकाच एककपद्धतीत आणून प्रवेग, रोध व चढ यांसाठी लागणाऱ्या प्रेरणा वेगवेगळ्या काढाव्यात आणि त्यांच्या बेरजेला त्या क्षणीच्या वेगाने गुणावे. अखेरीस ही बेरीज पकडीच्या मर्यादेत बसते की नाही ते पाहावे. ती बसत नसल्यास शक्तीचे उत्तर गणिताच्या दृष्टीने बरोबर असूनही ते वाहन तसे चालू शकत नाही.